धवल्यांसाठी प्रिंटर

विद्यापीठाच्या कामासाठी प्रिंटर घ्यायचा की नाही, यावर नवऱ्याचं मत पक्कं होतं: नको. वापरला नाही तर शाई सुकते, घरातला कोपरा अडतो आणि स्टेशनजवळ ढीगभर झेरॉक्सवाले बसलेत. मलाही ते पटत होतं. चाळिशीत एम.ए. करणाऱ्या बाईने घराला आधीच पुरेसा ताप दिलेला असतो.

माझ्या प्रकल्पाचा विषय होता धवले. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवलारीण म्हणते ती गाणी. मी अंबरनाथच्या फॅक्टरी कॉलनीतली, लग्न करून बदलापूरजवळच्या या आगरी घरात आले. सासूबाई गावाच्या धवलारीण. लग्नाबाहेर धवला म्हणायचा नाही, हा त्यांचा दंडक. माझ्यासाठी त्यांनी तो मोडला, तोही दिवा लावून, दार लोटून. त्या सांगायच्या, मी टाइप करायची आणि अंबरनाथ स्टेशनजवळून छापून आणायची.

एका संध्याकाळी नवरा तिथूनच वडापाव घेऊन आला. सासूबाईंनी पुडा सोडला, वडा बाजूला ठेवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. त्या अक्षराला अक्षर लावत वाचतात. त्यावर त्यांचाच हळदीचा धवला होता. तिरका छापला गेला म्हणून झेरॉक्सवाल्याने बाजूला टाकलेला. असे कागद शेजारच्या वडापावच्या गाडीवर जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माजा धवला तेलान बुरवला," त्या म्हणाल्या. "आता नाय सांगायची."

अजून निम्मे धवले बाकी होते. प्रकल्पाची काळजी होतीच, पण खरी भीती वेगळी होती. गावात धवले म्हणता येणारी दुसरी बाई उरलेली नाही. त्यांनी सांगितले नाहीत, तर धवले त्यांच्याबरोबरच संपणार. मला संताप आला, सगळ्यांचाच, वडापाव आणणाऱ्याचासुद्धा.

"उद्या प्रिंटर येतोय," मी जाहीर केलं.

"अगं, पण शाई सुकली तर?"

"सुकू देणार नाही."

उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या दुकानदाराने विचारलं, "मॅडम, रोज कितने पेज निकालोगे?"

"पता नहीं. लेकिन एक भी घर के बाहर नहीं जाना चाहिए."

त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि खोका उघडला.

घरी मशीन टेबलावर लागलं. सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, पण दिवा काही लावला नाही. पहिलाच कागद अडकला आणि चुरगळून बाहेर आला. मी तो त्यांच्या हातात दिला.

"आई, बिघडलेला कागदही आता घरातच राहणार. हा तुम्ही ठेवा."

त्यांनी तो मांडीवर ठेवून हाताने सरळ केला, घडी घालून कपाटात साड्यांखाली सरकवला. मग दार लोटलं आणि दिवा लावला. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी त्यांनी पाठवणीचा धवला सांगितला. मी तो छापून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागद पाहिला, मग माझा जाड चष्मा पाहिला आणि कागद परत केला.

"आजून मोठी अक्षरा कर."

"आई, तुम्हाला वाचता येतंय की हे."

"मना कशाला? मना पाठ हाय. माज्या मागं तुना म्हनायचंय."

बाहेरून आलेली सून धवलारीण झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी अक्षरं मोठी केली आणि पुन्हा छापलं.