वडिलांची हलगी

चौदा एप्रिलच्या सकाळी बेंबळीच्या आमच्या अंगणात वडील हलगी शेकत बसले होते. माझ्या लेकीनं विचारलं, "आजोबा, दलित म्हणजे काय?"

"भरडलेला, तुडवलेला," मी मध्येच तोंड घातलं.

"अर्थ तोच," वडील म्हणाले. "पण गावानं दिलेली नावं शिवीसारखी होती. हे नाव आमच्या माणसांनी सोताहून घेतलं, झालेला जुलूम तोंडावर सांगायला. ह्या हलगीचंबी तसंच. माझा आजा गावानं हुकूम केला की वाजवायचा. मी मला वाटंल तवाच वाजवतो."

आणि त्यांनी ती अशी वाजवली की लेकीसोबत माझी आईही हातातलं लाटणं घेऊन नाचली.

रस्त्यानं जाणारे एक बागायतदार थांबले. "तात्या, आमच्या पोराच्या लग्नात वाजवा की."

"वाजवणार न्हाय," वडील हसले. "पत्रिका द्या, नाचायला येतो."