अविवाहित

वडील अठ्ठ्याण्णव साली गेले तेव्हा मी अकरावीत होते. मालेच्या पुढं, धरणाच्या रस्त्याला आमचं गाव. वडील आणि त्यांच्या पाठचा भाऊ, म्हणजे माझा काका, यांची जमीन एकत्र होती. दिवस झाल्यावर काका आईला म्हणाला, "वहिनी, तुमी कचेरीच्या पायऱ्या चढू नका. वारस नोंदीचं मी बघतो." आईनं मान डोलावली. नंतर आम्ही दोघी मामाच्या आधारानं शिकायला, कमवायला म्हणून बाहेर पडलो. दरवर्षी भात झोडपून झालं की काका आमच्या दारात आंबेमोहराचं एक पोतं आणून टाकायचा. म्हणायचा, "तुमचा हिस्सा हाय वहिनी, उपकार न्हाई." आई ते पोतं हात लावून नमस्कार करून आत घ्यायची.

पुढं मला हिंजवडीत एका कंपनीत माहिती भरायचं काम मिळालं. आम्ही जांबेत खोली घेतली. माझ्या शेजारच्या टेबलावर लातूरकडचा एकजण बसायचा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो संगणकावर आपल्या गावचा सातबारा बघत होता. उतारे तेव्हा नुकतेच इंटरनेटवर दिसायला लागले होते.

"तुमच्या गावचा दिसतो का बघा," तो म्हणाला. "जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मग आडनाव टाकायचं."

मी गंमत म्हणून बसले. पहिल्यांदा पानावर नुसते चौकोन आणि उलटीसुलटी अक्षरं आली. त्यानं मराठी फाँट उतरवून दिला. मग आमच्या आडनावाची यादी उघडली. त्यात काका सापडला. वडील सापडले, पण कंसात. उताऱ्यावर ज्याचं नाव कमी होतं त्याला कंस करतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या जागी आईचं आणि माझं नाव हवं होतं. मी आईचं नाव टाकलं. माझं टाकलं. शेजारच्या दोन गावांतही शोधलं. कुठंच काही नाही. कंसाशेजारी फक्त फेरफाराचा नंबर होता.

तो नंबर तळहातावर लिहून मी दुसऱ्या दिवशी पौडला तहसील कचेरीत गेले. फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव का बदललं, त्याची नोंद. नक्कल मिळायला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला हातात आली ती मी एसटी स्टँडवर उभ्यानंच वाचली. काकाच्या जबाबावरून लिहिलेलं होतं, 'मयत अविवाहित व निपुत्रिक असून भाऊ हा एकमेव वारस आहे.' खाली काकाची सही. वळणदार, पूर्ण नावाची.

जमीन गेली याचा राग मला नंतर आला. आधी आला तो त्या एका शब्दाचा. वडील अविवाहित, म्हणजे माझी आई कोण? आणि मी कुणाची? नऊ वर्षं हा माणूस दारात उभा राहून तिला 'वहिनी' म्हणत होता.

मला तेव्हाच गावी जाऊन भांडता आलं असतं. पण भांडले असते तर त्यानं दोन माणसं मधे घातली असती, आईनं डोळे पुसले असते आणि सगळं घरातल्या घरात मिटलं असतं. मला मिटवायचं नव्हतं. मी कुणाला बोलले नाही, आईलाही नाही. ट्रंकेतून आईवडिलांची लग्नपत्रिका काढली. खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून काकाचं नाव छापलेलं होतं. माझा जन्मदाखला, जुनं रेशनकार्ड, सगळ्याच्या प्रती काढून ठेवल्या. त्या दिवाळीला काकाच्या घरी जेवलेसुद्धा. काकूनं पुरणपोळी वाढली, मी आणखी एक मागून घेतली.

आणि दर सोमवारी उतारा उघडून बघत राहिले. काका जमीन विकणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पुण्याच्या कुणालातरी तिथं बंगला बांधायचा होता. अखेर वर्तमानपत्रात वकिलाची जाहीर नोटीस आली, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी. मी तेरा दिवस गप्प बसले. काकाला आता सगळं जमलं असं वाटू द्यायचं होतं. चौदाव्या दिवशी वकिलाकडं हरकत दिली आणि प्रांतसाहेबांकडं अपील.

चार दिवसांत काका जांबेला आला. आई दळण आणायला गेली होती.

"काय केलंस हे पोरी? घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस?"

"चव्हाट्यावर तुम्हीच मांडली काका. जगात कुणालाही दिसते. दाखवू?"

"चूक झाली लिवणाऱ्याची. मी सांगितलं एक, त्यानं लिवलं एक. तू अर्ज मागं घे, मी अर्धी तुमच्या नावावर करतो."

"सही लिहिणाऱ्याची आहे का?"

तो जायला उठला. मग म्हणाला, "वहिनीला माहीत हाय का?"

"आज कळेल," मी म्हटलं, "तुमच्यासमोर."

पण तो थांबला नाही. आई आली तेव्हा मी तिला नक्कल वाचून दाखवली. त्या शब्दापाशी तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग पिठाचा डबा जागेवर ठेवून म्हणाली, "मला तारखेला यायचंय."

सुनावणीला गावातले दहाबारा जण आले होते. साहेबांनी फेरफार मोठ्यानं वाचला आणि काकाला विचारलं, "तुमच्या भावाचं लग्न झालं होतं का?"

मी लग्नपत्रिका पुढं केली. साहेबांनी ती त्याच्याकडं फिरवली. "हे नाव तुमचंच ना?"

"व्हय."

"मग ही बाई कोण तुमची?"

त्यानं आईकडं बघितलं नाही. "भावजय," तो म्हणाला.

"जरा मोठ्यानं."

"भावजय हाय माझी."

माझी इच्छा होती की साहेबांनी तिसऱ्यांदा विचारावं. त्यांनी विचारलं नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बंगलेवाल्यानं दुसरीकडं जागा बघितली. काही महिन्यांनी ऑफिसात उतारा उघडला तर आईचं आणि माझं नाव आलेलं होतं. मी त्याचे दोन कागद छापले. एक आईला दिला, दुसरा काकाला रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्याला पोहोचपावतीवर सही करावी लागली. ती पावती मी जपून ठेवली आहे.

वाटप होऊन मोजणी आली ती दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात. हद्दीची रेघ काकाच्या गोठ्यातून गेली. अर्धा गोठा आमच्यात. मोजणीदार भला माणूस होता. म्हणाला, "दोघं राजी असाल तर हद्दीचा दगड चार हात सरकवू, गोठा वाचेल. तेवढंच इकडून तिकडं."

काकानं माझ्याकडं बघितलं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊ दे गं, मुकी जनावरं हायेत."

"दगड रेघेवरच बसेल," मी म्हटलं.

गोठा उतरवायला काकाला तीन दिवस लागले. कौलं, मग वासे, मग गव्हाणीचे दगड. आई पहिल्याच दिवशी दुपारच्या एसटीनं जांबेला परत गेली. मला ऑफिसात जायचं होतं, पण मी तिन्ही दिवसांची रजा काढली आणि बांधावर बसून राहिले.