फाडायचा बॅनर

बॅनर फाडतात हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून “अगं, अगं, अगं!” करत पुढे धावले होते, आणि नवऱ्याने ओढणी धरून मला मागे खेचलं होतं.

आमची मुलगी तेव्हा नुकतीच एका खेळाच्या क्लबात जायला लागली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. ती डॅलसमध्ये राहते, आम्ही जवळच प्लेनोला. क्लिनिकमधल्या एका मैत्रिणीने “एकदा येऊन तर बघ” म्हणून तिला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या प्रॅक्टिसला नेलं आणि ती तिथलीच झाली. चेंडू अंड्यासारखा, मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू हातात घेऊन पळायचं, लाथाडायचा, आणि वेळ आली तर समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकून हवेतच झेलायचा. मला क्रिकेट सोडून काही कळत नाही, म्हणून मी मॅचभर विचारत सुटायचे. गोल हुकला तरी पॉइंट कसा काय देतात? अंपायर चेंडू जमिनीवर आपटतो तो चिडून का? “आई, जस्ट वॉच ना,” एवढंच उत्तर मिळायचं.

त्या दिवशी मात्र मॅचच्या आधीच दोन बांबूंना ताणलेला एक भलामोठा कागदी बॅनर मैदानावर आला. गॅरेजच्या दारापेक्षाही मोठा, क्लबच्या जांभळ्या-पांढऱ्या रंगांचा. त्यावर एका खेळाडूचं कौतुक सुबक अक्षरांत कापून चिकटवलं होतं. मी फोटो काढायला फोन शोधत होते, तेवढ्यात अख्खी टीम पळत आली आणि त्या कागदातून आरपार गेली. मागे उरल्या फक्त चिंध्या.

तो बॅनर केला होता क्लब सुरू करणाऱ्यांपैकी एका ऑस्ट्रेलियन बाईने. वयाने माझ्याएवढीच, उन्हाने रापलेली, डोक्यावर कायम टोपी. मी तिला गाठलंच.

“किती वेळ लागला करायला?”

“पूर्ण शनिवार.”

“आणि असा फाडला की वाईट नाही वाटत?”

ती हसली. “नाही फाटला तर वाटतं,” म्हणाली.

खेळाडूच्या आयुष्यात मोठी मॅच आली, पन्नासावी, शंभरावी, की तिकडे असा बॅनर करायचाच, आणि तो ज्याच्यासाठी केला त्यानेच फाडायचा, हे तिने मला समजावून सांगितलं. कोणी सुरू केलं, का सुरू केलं, असं मी खोदून विचारलं, तेव्हा तिने खांदे उडवले. तिच्या लहानपणापासून हे असंच होतं म्हणे. माझं समाधान झालं नाही. घरी येताना हायवेवर मी नवऱ्याला म्हटलं, “फोटो तरी काढू द्यायचा ना आधी!”

यंदाच्या वसंतात एका दुपारी टीमच्या कॅप्टनचा फोन आला. ही टेक्ससचीच मुलगी, फायरफायटर, दारातून आत येताना वाकते एवढी उंच. लेकीने शिकवल्यामुळे सगळी टीम मला काकू म्हणते. ही मात्र ‘काकूऽ’ असं लांबवून, हाक मारल्यासारखं म्हणते. तिने सांगितलं की पुढच्या महिन्यात माझ्या लेकीची पन्नासावी मॅच आहे. अमेरिकेत वर्षाला मोजक्याच मॅचेस होतात, त्यामुळे पन्नासपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागतात आणि बहुतेक जणी त्याआधीच गुडघे धरून बसतात. बॅनर तर व्हायलाच हवा. पण बॅनरवाली बाई वडिलांच्या आजारपणासाठी ऑस्ट्रेलियाला गेलेली.

“काकूऽ, तुम्ही मराठी मंडळाच्या गणपतीचं स्टेज सजवता ना?”

“सजवते की.”

“मग झालं तर. पण तिला कळता कामा नये.”

पुढच्या रविवारी कॅप्टनच्या चर्चच्या जिममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, आम्ही जमलो. मी, नवरा, कॅप्टन आणि टीममधल्या आणखी दोघी. लाकडी जमीन गुळगुळीत होती. भिंतीला टेकवलेल्या टॅबलेटवर ती बाई होती. तिच्याकडे सोमवार उजाडला होता आणि ती स्वयंपाकघरात चहा घेत होती. वाढदिवसाला झिरमिळ्या करतो तोच क्रेप कागद, त्याचे लांब पट्टे तिने आम्हाला शेजारी शेजारी अंथरायला लावले आणि मागून पारदर्शक टेपने जोडायला सांगितले. मी मंडळाच्या सवयीने प्रत्येक जोडावर टेपचे दोन थर देत होते.

“थांब, थांब,” बाई टॅबलेटमधून ओरडली. “एवढी टेप लावलीस तर मुली आपटून मागे पडतील. मी पाहिलंय.”

“खरंच?”

“आधी तुकडा करून बघ ना.”

मग एक छोटा तुकडा केला. कॅप्टन आणि नवऱ्याने तो धरला. पळायचं कोणी? कुतूहल माझंच होतं, त्यामुळे मीच. ओढणी खोचली, चपला काढल्या आणि धावले. कागद पोटाला लागला, ताणला, आणि त्याने मला पद्धतशीर मागे ढकललं. मी जमिनीवर बसकण मारली. नवरा हसून हसून खाली वाकला, त्याच्या हातून कागद सुटला. ऑस्ट्रेलियात चहा सांडला असावा, कारण टॅबलेटवर काही वेळ नुसतं छत दिसत होतं.

दुसऱ्या तुकड्याला मधल्या जोडावर फक्त इथे-तिथे टेपचे ठिपके दिले. या वेळी ‘फर्र’ असा आवाज झाला आणि मी पलीकडे गेलेसुद्धा. काय सांगू! इतकं सोपं, इतकं हलकं. मला वाटलं होतं की मोडल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी परत करू का म्हणून विचारलं, पण कागद पुरला नसता.

पुढच्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला, कॅप्टनने इंग्लिश यमक जुळवलं होतं. मी विचारलं, “आणि मागच्या बाजूला? मुली पळत येतात तिकडे काय लिहितात?”

“आम्ही तरी कोरीच ठेवतो,” बाई म्हणाली. “तिकडून कोण वाचणार? पळताना सगळ्या डोळे मिटून घेतात.”

“मग तिथे मी लिहू? मराठीत?”

कोणाचीच हरकत नव्हती. नवरा मात्र म्हणाला, “अगं, तिला वाचता येईल का?” प्रश्न बरोबर होता. रविवारची मराठी शाळा तिने जोडाक्षरं सुरू झाल्यावर सोडली होती. तरी मी लिहिलं. प्रॅक्टिस संपली की ती आमच्याकडे जेवायला येते आणि चिखलाच्या बुटांनी थेट फ्रिजपर्यंत जाते, हे आमचं कायमचं भांडण. म्हणून दोन ओळी जुळवल्या:

पडते, उठते, पळते पुन्हा
घरात बूट, एवढाच गुन्हा!

अक्षरं कापताना खरी अडचण आली ती शिरोरेषेची. बाईला वरचा तो आडवा पट्टा दिसला आणि ती एकदम गंभीर झाली. “ही रेघ मधल्या जोडावरून गेली तर कागद फाटणार नाही.” मी ओळी सरकवून पाहिल्या. ‘उठते’ आणि ‘पळते’च्या मधे शिरोरेषा तुटतेच. खाली ‘बूट’ आणि ‘एवढाच’च्या मधेही. दोन्ही ओळींची ती जागा बरोबर मधल्या जोडावर आणली. मराठीत दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागा सोडतात, असं मी बाईला सांगितलं. ती म्हणाली, “सेन्सिबल.”

मॅचच्या दिवशी वारा होता. टेक्ससचा वसंतातला वारा म्हणजे खुर्च्या उडवणारा. एक बांबू नवऱ्याने धरला, दुसरा बांबू, एक हात गळ्यात बांधलेल्या एका जखमी खेळाडूने, आणि बॅनरच्या वरच्या कडेला बांधलेली दोरी ओढून धरायला मी. बॅनर शिडासारखा फुगत होता. मी देवाचं नाव घेत होते.

लेक सगळ्यांच्या पुढे पळत आली. बॅनर तिच्यासाठी आहे हे तिला तेव्हाच कळलं. दोन हातांवर आली आणि थांबली. मागची टीम एकमेकींवर आदळली.

“रन!” कॅप्टन ओरडली.

“वेट, आय ॲम रीडिंग!”

तिने बोट वर केलं. “प... ड... ते. पडते. उठते. पळते...” पुढे अडली. “पुन... पुन-हा?”

“पुन्हा! अगेन!” मी दोरीला लटकूनच ओरडले.

वाऱ्याने वरचा कोपरा टरकन फाटला. नवरा बांबूसकट दोन पावलं सरकला. जखमी मुलगी दात आवळून उभी. लेक मात्र खालच्या ओळीवर.

“धरात? आई, धरात म्हणजे काय?”

“घ! घ आहे तो! घरात!”

“घरात बूट...” तिचा चेहरा बदलत गेला. शेवटचा शब्द तिने वाचला की नुसता ओळखला, कोण जाणे. “आई!” म्हणाली, हसत होती, आणि डोळे भरले होते. दोन पावलं मागे गेली, खांदा खाली केला आणि बरोबर मधल्या जोडातून पलीकडे. तिच्यामागे सगळी टीम. माझ्या हातात नुसती दोरी राहिली.

मॅच आम्ही हरलो. तिने एक गोल मारला, एक हुकवला. हुकलेल्याचाही पॉइंट मिळाला.

मॅचनंतर सगळ्या तिला घेरून विचारत होत्या, मागे काय लिहिलं होतं? मी कान देऊन ऐकत होते. “इट सेज, आय फॉल डाऊन अँड आय गेट अप,” ती म्हणाली. आणि दुसरी ओळ? “दॅट्स बिट्वीन मी अँड माय मॉम.”

प्रेक्षकांतल्या एकीने काढलेला व्हिडिओ मी बाईला पाठवला. तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला. बॅनरसमोर उभं राहून कोणी तो वाचलेला तिने आयुष्यात पाहिला नव्हता. वडिलांनाही दाखवला म्हणे. ते कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. मग तिने विचारलं, त्या एका अक्षरावर मुलगी इतकी का अडली? मी तिला फोनवरच ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक समजावला. तिने दोन्ही अक्षरं कागदावर काढून कॅमेऱ्यासमोर धरली. एक बरोबर होतं.

क्रेप कागदाचा रंग घामाने सुटतो हे मात्र आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. लेकीची मान आणि डावा खांदा गर्द जांभळा झाला होता. साबण झाला, खोबरेल तेल लावून झालं, नवऱ्याने बेसनही सुचवलं. रंग ढिम्म हलला नाही. सोमवारी ती तशीच क्लिनिकला गेली, आणि दिवसभर पेशंटच तिला विचारत होते, फार दुखतंय का?