साहेबासारखं पडायचं कसं

शेलूच्या वरच्या अंगाला, माथेरानच्या डोंगराला चिकटून ठाकरांची एक वाडी होती. तिथलं कुणी मध काढायचं, कुणी गवताचे भारे नेरळला नेऊन विकायचं, कुणी पाहुण्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन डोंगर चढायचं. नवशा ठाकर घोड्यावरून पडायचा. तोच त्याचा धंदा. दुसऱ्या कुणाची त्या धंद्यात शिरायची छाती नव्हती, आणि शिरला असता तरी पाठ टिकली नसती.

डोंगरावर छोटी गाडी जायला लागून वीस वर्षं होत आली होती, तरी घोड्याची वाट ओस पडली नव्हती. साहेब-मडमा, पारशी, मुंबईचे शेठ नेरळला उतरायचे आणि घोड्यावर बसून वर जायचे. घोड्याच्या बाजूनं घोडेवाला पळायचा. आता या पाहुण्यांतले निम्मे असे, की ज्यांनी उभ्या जन्मात पाटाशिवाय कशावर बैठक मारलेली नाही. ते पडायचेच. पाहुणा पडल्यावर घोडं थांबलं तर चारचौघांत हसू. नाही थांबलं तर एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

म्हणून घाटावरच्या बाजारातून नवं जनावर आलं, की मालक ते नवशाच्या हवाली करायचे. नवशा ते आठ दिवस नुसतं चढवायचा-उतरवायचा, मग पाठीवर पोतं टाकायचा, मग स्वतः बसायचा. आणि मग भाताच्या कापलेल्या खाचरात पेंढा पसरून पडायला सुरुवात करायचा. चालत्या घोड्यावरून पडायचा, दुडक्या चालीच्या घोड्यावरून पडायचा. पडला की मढ्यासारखा पडून राहायचा. घोडं आधी उधळायचंच. वीस पावलं, तीस पावलं पळायचं आणि मग वळून बघायचं, की ह्या बाबाला झालंय काय. दबकत जवळ यायचं, हुंगायचं. मढ्याच्या मुठीत भिजवलेले हरभरे असायचे. असं पंधरा दिवस केलं की पाठ हलकी होताच जनावर जागच्या जागी उभं.

"पळालं तवाच दोन फटकं का नाय देत रं?" लोक विचारायचे.

"मानूस पडला का घोड्याला वाटतं, आपल्या आंगावर वाघ पडला. ते भ्यानं पळतं. भ्यालेल्याला मारून त्याचं भ्या जातंय का?" नवशा म्हणायचा.

त्याच्या हातची बारा-पंधरा घोडी डोंगरावर होती. त्यांत शेलूच्या येसाजीची सुंठी त्याची सगळ्यांत लाडकी. रंग सुंठेसारखा, स्वभावही तसाच, थोडा तिखट. बाजारात कुणी घेईना म्हणून येसाजीनं हाडकुळी घोडी आणली होती. नवशानं दोन पावसाळे तिला खरारा केला, गवत कापून घातलं, आणि शेकडो वेळा तिच्यावरून पडला. ती नुसती थांबायची असं नाही. वाकून त्याच्या मानेवर फुंकर घालायची.

आणि दिवाळीनंतर नेमकी हीच घोडी एका शेठला पाडून पळाली.

पाडून म्हणणं खोटं. शेठ आपण होऊन पडला. पण सुंठी जी सुटली ती वाट तुडवत खाली नेरळच्या तबेल्यात येऊन थांबली. खोगीर पोटाखाली, लगाम तुटलेला, अंगभर फेस. शेठला खरचटण्यापलीकडं काही नव्हतं, पण त्यानं वरच्या कचेरीत तक्रार दिली. घोड्यावर पाहुणा बसवायचा तर कचेरीचा पितळी बिल्ला लागायचा. कारकुनानं सुंठीचा बिल्ला काढून घेतला.

"बिल्ल्याबिगर ती मला काय कामाची?" येसाजी म्हणाला. "पनवेलचा टांगेवाला मागतोय, देऊन टाकतो."

पनवेलच्या टांग्याची घोडी नवशानं बघितली होती. त्यांच्या पाठीवर कातडं कमी आणि माश्या जास्त.

"दादा, नाताळापातुर थांब. मी तिला बिल्ला आनून देतो."

"तूच शिकवली ना रं तिला? मग पळाली कशी?"

याचं उत्तर शोधायला नवशा दुसऱ्या दिवशी डोंगर चढून थेट शेठच्या बंगल्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला. कमरेला लंगोटी, हातात टोपी.

"शेठ, तुमी पडला कसं?"

"कसं म्हंजे? चालता हो!"

"रागावू नका. कसं पडला तेवडं दावा. घोडीच्या जिवाचा परश्न हाय."

शेठ आधी लाल झाला. पण माणूस हौशी. आपल्या पडण्याची गोष्ट तो आल्यागेल्याला सांगतच होता, त्यात हा ऐकायला खास डोंगर चढून आलेला. त्यानं व्हरांड्याच्या कठड्यावर मांड ठोकली. त्या दिवशी ऊन लागत होतं म्हणून त्यानं छत्री उघडली होती. ती फट्‌दिशी उघडताच घोडी दचकली. शेठ उजव्या अंगाला कलला, बूट रिकिबीत अडकला, आणि तो "मरी गयो! मरी गयो!" ओरडत चार पावलं लोंबकळला. मग बूट निसटून पायातून रिकामा झाला. हे सगळं शेठनं करून दाखवलं आणि कठड्यावरून खरोखरच पडला.

त्याला उठवता उठवता नवशाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं तो ठाकरासारखाच पडत आला होता! उघड्या अंगानं, अनवाणी, खोगिराशिवाय, नेहमी डाव्या अंगाला, तोंडातून हूं की चूं न काढता. घोड्यांना ठाकराचं पडणं पाठ झालं होतं, आणि डोंगरावर पडत होते शेठ आणि साहेब! नशिबानं बाकीच्या पाहुण्यांची पायताणं सैल निघाली, इतकंच.

"मंगळे," घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मला साहेबासारखं पडाया शिकलं पायजे."

"ठाकरासारखं पडून समदी हाडं मोडली नाय वाटतं," मंगळी म्हणाली. "ऱ्हायली असतील दोन-चार."

पण तीच वरच्या बंगल्यांत गवत घालायला जायची, आणि एका बटलराकडून टाकलेले बूट तिनंच आणले. येसाजीनं कुरकुरत आपल्या लग्नातला कोट दिला. छत्री वाण्याची. हा सगळा साज अंगावर चढवून, कमरेला मात्र लंगोटीच ठेवून नवशा शेलूच्या खाचरात सुंठीवर बसला, तेव्हा कापणी उरकलेलं अर्धं गाव बांधावर जमलं.

"आवं साहेब, सलाम!"

"खाली बग रं, धोतर इसारला इलायतंत!"

नवशानं छत्री उघडली, "मरी गयो" म्हणून बोंब ठोकली आणि उजव्या अंगाला पडला. बूट रिकिबीत अडकला. सुंठीनं त्याला अख्ख्या खाचराची सफर घडवली. भाताच्या बुडख्यांनी पाठ सोलून निघाली. बांधावरचं हसू एकदम बंद झालं.

मंगळीनं हळद लावता लावता विचारलं, "आता?"

"आता उलट्या टोकानं. तू तिला धर. मी उभ्या घोडीला लोंबकाळतो."

मग रोज सकाळी तेच. मंगळी घोडीचं तोंड धरून उभी, आणि नवशा एक बूट रिकिबीत अडकवून उलटा, वटवाघळासारखा. आधी गप्प. मग कण्हत. मग ओरडत. मग छत्री. सुंठी थरथरायची, डोळे पांढरे करायची. मंगळी तिच्या कानाशी वाडीतली गाणी म्हणायची. पाचव्या दिवशी मंगळीनं हात काढला. आठव्या दिवशी ती बांधावर जाऊन बसली. पंधराव्या दिवशी नवशा दुडक्या घोडीवरून बुटासकट, कोटासकट, बोंबेसकट पडला, आणि सुंठी दोन पावलांत खांबासारखी उभी राहिली. बांधावरच्या बायांनी टाळ्या पिटल्या.

नाताळाच्या आठ दिवस आधी येसाजी, नवशा आणि सुंठी वर कचेरीपुढं उभे राहिले.

"तू पडलास तर ती थांबणारच," कारकून म्हणाला. "तुझी माणसाळलेली आहे. त्यात काय सिद्ध होतं?"

बोलणं कारकुनाचं खोटं नव्हतं. तेवढ्यात आतून वरचा साहेब काठी टेकत बाहेर आला. हा जुना रिसाल्यातला घोडेस्वार. लढाईत त्याचा उजवा गुडघा गोठला होता, वाकायचा नाही. त्यानं कारकुनाकडून सगळं समजून घेतलं, सुंठीचा जबडा उघडून दात पाहिले, पायावरून हात फिरवला, आणि म्हणाला, "मैं गिरेगा."

मैदानात मोठं रिंगण झालं. नवशाला पन्नास पावलांवर उभं केलं. हाक मारायची नाही, शीळ घालायची नाही. येसाजी देवाचं नाव घेत होता. साहेब वर चढला आणि बसला तो असा, की नवशाला वाटलं हा पडणार तरी कसा? दोन फेऱ्या घेतल्या. तिसऱ्या फेरीला घोडी चांगली रंगात आली, आणि साहेबानं लगाम सोडून अंग उजवीकडं टाकलं.

खांदा लाल मातीत आपटला. पण गोठलेला गुडघा वाकला नाही. बूट रिकिबीत फिरला आणि तसाच अडकला. टोपी गडगडत घोडीच्या पायांत गेली. सुंठीनं उडी घेतली. एक. साहेब तिच्यामागं फरफटला. दुसरी.

आणि उभी.

कान मागं, कातडी पाण्यावर वारा फिरावा तशी थरथरतेय, पण चारी पाय रोवलेले.

"धरा! धरा रे घोडीला!" कारकून कागद फडफडवत धावत सुटला. नवशा हलला तो इथं. घोडीकडं नाही, कारकुनाकडं. त्यानं त्याला मध्येच कव घालून आडवा केला आणि वर बसला.

"हललास तं साहेब मरंल! गप पड!"

कचेरीच्या माणसाला ठाकर 'तू' म्हणाला, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. साहेब उताणा पडून हळूहळू हात वर नेत होता. बोटं बुटाच्या नाडीपर्यंत पोचली, घसरली, पुन्हा पोचली. रिकीब हलली की सुंठीचं पोट आत जायचं, पण पाय हलत नव्हता. एकदाची नाडी सुटली आणि पाय बुटाबाहेर आला. साहेब मातीत मोकळा झाला.

सुंठीनं मान वळवली आणि त्याच्या पंजात नाक खुपसलं. पंजा रिकामा. तिनं दुसरा हुंगला, तोही रिकामा. मग चिडून तिनं साहेबाच्या तोंडावर भस्सकन श्वास सोडला. साहेब पडल्या पडल्या मोठ्यानं हसायला लागला.

"साहेब, हा माणूस माझ्या अंगावर बसला!" कारकून कोट झटकत म्हणाला.

"अच्छा किया," साहेब म्हणाला.

त्यानं एका बुटानं लंगडत जाऊन आतून बिल्ला आणला आणि स्वतःच्या हातानं सुंठीच्या म्होरकीला बांधला. मग कारकुनाला लिहायला बसवलं: ह्यापुढं नव्या घोड्याला बिल्ला द्यायचा, तो नवशा ठाकर त्याच्यावरून बूट घालून पडल्यावरच. आणि स्वतःचे जुने रिसाल्याचे बूट नवशाच्या हातात दिले. नवशानं ते उलटसुलट करून पाहिले. "तळ घट हाय," तो म्हणाला. "चांगलं अडकतील."

उतरायची वेळ झाली. येसाजीनं लगाम धरला आणि नवशाकडं न बघता म्हणाला, "बस वर."

"मी? वाटंनं?" डोंगराच्या वाटेवर ठाकर घोड्याबरोबर पळायचा; खोगिरात बसून गावात शिरलेला ठाकर कुणी पाहिलेला नव्हता.

"बस म्हनतो ना! का हात जोडू तुला?"

नवशा बसला. गळ्यात बुटांची जोडी लोंबतेय, पाय अनवाणीच. पुढं येसाजी, मालक असून मोतद्दारासारखा लगाम धरून. तिसऱ्या प्रहरी ते नेरळच्या बाजारात शिरले, तेव्हा भारे विकून टाकायला बसलेली मंगळी उठून उभी राहिली. तिच्या बाजूच्या बाईनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोन गं पावना? मुंबईचा?"

"वाडीचा हाय," मंगळी म्हणाली, आणि राहिलेला भारा न विकताच डोक्यावर घेऊन ती घोडीसमोर टाकायला निघाली. "सरा गं बाजूला, वाट द्या घोडीला!"