गुंडेरावांचा हात

वरुणा गावात गाय अडली की डॉक्टरच्या आधी गुंडेरावांना बोलावणं जाई. त्यांचे आजोबा म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात कापड रंगवायचे. वडिलांनी रंग सोडून गाई धरल्या, आणि गुंडेराव तर गाईंचेच झाले. बाही खांद्यापर्यंत गुंडाळायची, खोबरेल चोळायचं आणि हात आत घालून वासरू फिरवायचं. हातमोज्यांचं नाव काढलं की त्यांना हसू यायचं. गाभ पडला असेल तर तो कालव्यात सोडून, तिथंच हात खळबळून ते पुढच्या गोठ्यात जायचे. मोबदला कधी घेतला नाही, मोठेपणा मात्र पुरेपूर घेतला.

यंदा संक्रांतीपासून त्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. सांधे ठणकत, अंग घामानं भिजे. एका डॉक्टरनं टायफॉईड म्हटलं, दुसऱ्यानं वय. गोळ्या संपल्या, ताप राहिला. ओळखला तो जनावरांच्या डॉक्टर स्पृहाबाईंनी. त्या आल्या होत्या गुंडेरावांच्या गाभ टाकलेल्या गाईचं रक्त घ्यायला, आणि ऐन वैशाखात माणूस घोंगडी पांघरून बसलेला पाहून थबकल्या.

"किती दिवस ताप आहे?"

"अय्यो, सुम्ने, उगाच येतो जातो, डॉक्टरम्मा."

त्यांनी गाईबरोबर धन्याचंही रक्त तपासायला लावलं. आठवड्यानं दोघांचा रोग एकच निघाला, ब्रुसेलोसिस. गुंडेरावांना सहा आठवड्यांची औषधं मिळाली. गाईला औषध नव्हतं, वेगळं बांधणं तेवढं होतं.

"हा रोग पडलेल्या गाभातून, वारेतून, कच्च्या दुधातून पसरतो," स्पृहाबाई म्हणाल्या. "कालव्यात टाकलेलं खालची जनावरं पितात. वर्षभरात कुणाकुणाच्या गोठ्यात गेलात? नावं द्या, सगळ्या गाई तपासू. आणि तोवर दूध उकळूनच प्या, असं त्यांना सांगा."

गुंडेरावांनी मनाशी मोजलं, घरं अकरा निघाली. त्यांतल्या चार घरी नंतर गाभ पडले होते, आणि दृष्ट लागली म्हणून त्या चौघांची समजूतही गुंडेरावांनीच घातली होती. "मीच उद्या त्यांना सांगतो, मग नावं देतो," ते म्हणाले. लाज वाटली, दुसरं काही नाही. चाळीस वर्षांचं नाव आपल्याच तोंडानं कोण बुडवून घेईल? उद्या उद्या करत पंधरा दिवस गेले.

सोळाव्या सकाळी शेजारचे मानाजीराव धापा टाकत आले. "बेगा ये रे गुंडू, तांबडी अडली की!"

गुंडेराव उठले नाहीत. "डॉक्टरम्माला फोन कर. माझा हात नको. गेल्या साली तुझ्या काळीचा गाभ पडला ना, तो रोग माझ्याच हातानं तुझ्या गोठ्यात आला."

मानाजीरावांनी फोन केला. मग तिथंच उभे राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"कधी कळलं तुला?"

"पंधरा दिवस झाले."

"काळीचं दूध आमच्या सुनेला देतो रे. अलकाला सातवा महिना आहे. धारेचं द्या, उकळू नका, असं तूच सांगितलंस की."

गुंडेराव आता उठले. "आज दिलं?"

"आत्ताच प्याली."