डंपर मागे घेताना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

पण आधी डंपरचं सांगू द्या! मी राजुऱ्याकडची. आमच्या घरात सायकलच्या वर कुणी काही चालवलेलं नव्हतं. खाणीसाठी मुलींनाही मशीन शिकवणार असं कळलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. आधी खोलीतला सिम्युलेटर – समोर पडद्यावर रस्ता, हातात खरं स्टिअरिंग – आणि मग एकदाचा मैदानातला खराखुरा डंपर. शिडी चढून केबिनमध्ये बसले, इंजिन सुरू केलं, आणि अंगभर थरथर! काय सांगू तुम्हाला? आजही ड्यूटीवर चढताना मला अगदी तसंच होतं.

जैनी माझी जोडीदार. भामरागडकडची माडिया मुलगी, मराठी जपून बोलायची. हॉस्टेलवर तिनं मला माडिया बोलायला शिकवलं, मी तिला फोनवर मराठी गाणी ऐकवायची. ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची – हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

एकीनं डंपर मागे घ्यायचा, दुसरीनं मागे उभं राहून झेंडी दाखवायची. हिरवी म्हणजे ये, लाल म्हणजे थांब. केबिनमधून मागचं फारसं दिसत नाही, म्हणून आरशातल्या झेंडीवर सगळी भिस्त.

त्या दिवशी – कसं सांगू? – कुंपणाबाहेर गावातली माणसं जमली होती. पोरगी डंपर चालवते, ते बघायला! मी चेकाळलेच. हॉर्न दिला, रिव्हर्स टाकला आणि लोकांकडे बघत सुटले. मध्येच आरशात जैनीची लाल झेंडी दिसली. दिसली, हो – आणि वाटलं, थांबले तर हसतील, अजून जरासं जाईल. मागचं चाक मातीचा बांध चढून गेलं आणि पलीकडचा पाण्याचा टँकर चेपला. जैनीनं वेळेवर बाजूला उडी मारली म्हणून वाचली.

शिकवणारे सर धावत आले. "झेंडी कोणती होती वं?"

मी म्हणाले, "हिरवी."

एवढंच. पण त्या एका शब्दानं काय होणार, हे मला कळत नव्हतं का? जैनी इतकी घाबरली, की तिला मराठी सुचेना. ती माडियात भडाभडा सांगत राहिली आणि सर नुसते बघत राहिले. ती काय सांगते आहे ते तिथं मला एकटीलाच कळत होतं. मी गप्प बसले.

तिला घरी पाठवलं. मी पास झाले, खाणीत लागले, आणि आता नव्या मुलींना मीच शिकवते. झेंडीवर विश्वास ठेवा, असं त्यांना सांगते – आणि छान सांगते!

गेल्या उन्हाळ्यात मुली निवडायला आम्ही भामरागडला गेलो. तिथं जैनी भेटली. धाकट्या बहिणीला भरती करायला आली होती. मला इतका आनंद झाला, की मी तिला मिठीच मारली. ती मात्र मला मॅडम म्हणाली. मग बहिणीकडे वळली आणि मॅडमसमोर म्हणून तिच्याशीही मराठीतच बोलली.

"झेंडी पाहून दाखवजो बरं. माह्यासारखी चुकू नोको. मले वाटे लाल होती, पण मॅडमनं सोताच्या डोयानं हिरवी पाह्यली."

आणि मी – तिच्यासमोर, तिच्या बहिणीसमोर – म्हणाले, "होते असं कधी कधी."