भोकाच्या पैशाची वीज

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यामुळे वीज कशी तयार होते हे मला नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात काय झालं तेवढं सांगते.

धाकटी मुलगी इंदिरानगरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. कायम नव्हती. दर उन्हाळ्यात घरी बसायची आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतात का याची वाट बघायची. त्या वर्षी संस्थेने तिला आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या एका बाईंना सांगितलं की दोघींपैकी एकीला कायम करू, दुसरीला जूनपासून येऊ नका म्हणून सांगू. त्यासाठी दोघींनी संस्थेच्या मंडळींसमोर एकेक पाठ घ्यायचा होता. मुलीचं वय तिशीला टेकलेलं, लग्नाला तिने नाही म्हणून टाकलेलं. नोकरी गेली असती तर तिच्या हातात दुसरं काही नव्हतं, आणि माझ्या हातात तर नव्हतंच.

तेव्हा दिवसातून दोन वेळा लाइट जायची. तिने ठरवलं, उन्हावर वीज करून दाखवायची. तांब्याचा पत्रा भद्रकालीच्या बाजारात मिळाला असता, पण तिला तांब्याचे पैसेच हवे होते.

"पत्रा मुलं नुसता बघतील. पैसा हातात घेतील," ती म्हणाली.

माझ्याकडे डब्यात जुने भोकाचे पैसे होते. पूजेच्या कलशात टाकायला तांब्याचा पैसा लागतो, आणि हल्लीची नाणी तांब्याची नसतात. म्हणून गल्लीतल्या बायका पूजा असली की माझ्याकडून पैसा न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी धुऊन आणून द्यायच्या. ते पैसे मुलीने घेतले. भोक आहे, म्हणजे तार ओवून बांधता येते, एवढंच तिला त्यात दिसलं.

तिने ते विजेच्या कॉइलच्या शेगडीवर तापवले. पैसे आधी रंगीबेरंगी झाले, मग काळेकुट्ट. शेगडी बंद करून तिने ते तिथेच सावकाश निवू दिले. निवताना वरचा काळा पापुद्रा आपोआप सुटत होता आणि खाली विटेसारखा लाल थर निघत होता. तो लाल थर महत्त्वाचा, त्याला बोट लावायचं नाही, असं तिने मला दोनदा बजावलं. बाटलीतल्या मिठाच्या पाण्यात एका बाजूला हे भाजलेले पैसे, दुसऱ्या बाजूला न भाजलेले, दोन्हीकडून तारा आणि मध्ये काटा असलेलं मीटर. बाटली गच्चीवर उन्हात ठेवली की काटा हलायचा. हाताने सावली धरली की मागे यायचा. फार नाही, केसभर. दिवा वगैरे काही लागत नव्हता.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच दाखवायचंय," ती म्हणाली.

पाठाच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली. पैसे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटलीवर सुकत ठेवले होते. मी दळण आणायला गेले. तेवढ्यात माझ्या माहेराहून, पेठहून, थोरली बहीण आक्का आली. शेजारणीकडे किल्ली असते हे तिला माहीत होतं.

मी दळण घेऊन आले तर आक्का मोरीशी बसलेली. पुढ्यात चिंचेचा कोळ आणि मीठ. ताटलीत एक सोडून सगळे पैसे नव्या सोन्यासारखे झळकत होते.

"बघ कसं निघालं," ती म्हणाली. "लेकीबाळीच्या घरात असं जळकं तांबं कोन ठेवतं? तू लय आळशी झाली शहरात."

मी पिठाचा डबा खाली ठेवला. "आक्का, ते मुद्दाम जाळले होते."

"पैसं मुद्दाम जाळत्यात?"

"उद्या तिची परीक्षा आहे त्याच्यावर."

आक्काचा हात थांबला. मग तिने शेवटचा राहिलेला पैसाही घासून घेतला. अर्धवट काम तिला बघवत नाही.

मुलगी चार वाजता आली. ताटलीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, चप्पल काढली, पाय धुतले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी करते पुन्हा," असं म्हणून ती शेगडीकडे गेली. लाइट गेलेली होती. उन्हावर वीज करायची तर आधी विजेची शेगडी पाहिजे, हे मी बोलून दाखवलं नाही. आक्काने मात्र विचारलंच, "मग तुझी ती उन्हाची वीज लाव की शेगडीला."

"मावशी, गप्प बसता का जरा?"

"बसते. पर मी काय वंगाळ काम नाय केलं. तांबं घासलं."

मग गॅसवर करून बघितलं. ज्योत एका बाजूला जास्त लागत होती. शिवाय पोरगी घाईत होती, निवायला वेळ दिला नाही, ओट्यावर उचलून ठेवले. काळ्या पापुद्र्याबरोबर लाल थरही सुटून आला. दोन पैसे असे वाया गेल्यावर तिने गॅस बंद केला आणि पाटावर बसली. म्हणाली, "संपलं. उद्या जाऊन फळ्यावर चित्र काढते. ती दुसरी बाई पाण्याचं कारंजं करून दाखवणार आहे."

मी चहा टाकला. आक्का उरलेले पैसे पदराने पुसत होती. पुसून पुसून तिने त्यांची एकावर एक चवड रचली, लहान पोरं लगोरी रचतात तशी.

मुलगी त्या चवडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, स्वच्छ आहेत ना हे? तेलाचा हात नाही ना?"

"चिंचेनं घासलंय. तेल कुटून राहील?"

दुसऱ्या एका प्रयोगाला नेमके स्वच्छ पैसेच लागतात, असं निघालं. त्याला ऊन नको, शेगडी नको. एक तांब्याचा पैसा, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, त्यावर जस्ताची चकती, पुन्हा पैसा. जस्त टॉर्चच्या संपलेल्या सेलच्या डबीचं. माझे मालक अंबडला कंपनीत होते तेव्हाची पत्रा कापायची कात्री घरात होती. आक्काने दातओठ खात चकत्या कापल्या. मी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे गोल कापले. पत्रिका आमच्याकडे भरपूर येतात.

थर रचले, वर-खाली तारा लावल्या. रेडिओवर लागतो तसला बारीक लाल दिवा होता, तो काही लागेना. मिठाचं पाणी बाजूने गळत होतं आणि पैशांच्या भोकांतून खालच्या थरात उतरत होतं. सगळं ओलं होऊन एक झालं होतं.

"पिळून घे की," आक्का म्हणाली. "वडं थापताना फडकं पिळतो तसं. नुसतं दमट पायजे."

पुठ्ठे पिळून पुन्हा रचले. दिवा लागला. मंद होता, पण लागला. आक्काने तोंडाला पदर लावला. "अगं बया. ह्यो देवाचा पैसा ना? मग ह्यातलं सत्त्व आता गेलं. कलशात चालायचा नाय."

"सत्त्व जस्ताचं जातं, मावशी. तांबं आहे तसं राहतं."

"तुला काय ठावं?"

"मला तेवढंच ठाऊक आहे."

सकाळी आक्का शाळेत यायला निघाली. बिघडवलं मी, तर सायबाला मीच सांगते, असं तिचं म्हणणं. मला तिच्याबरोबर जावं लागलं, नाहीतर ती वर्गात जाऊन बसली असती. आम्ही वर्गाबाहेर व्हरांड्यात बसलो. खिडकीतून दिसत होतं.

संस्थेतले एक चष्मेवाले गृहस्थ तिच्या पाठाचं टाचण हातात घेऊन बसले होते. मुलीने चवड रचायला घेतली तशी त्यांनी थांबवलं. "बाई, इथे लिहिलंय, सूर्यप्रकाशावर चालणारा विद्युत घट. हे काय आहे?"

मुलगी म्हणाली, "काल माझ्या मावशीने ते पैसे चिंचेने घासले, सर."

"म्हणजे?"

आक्का खिडकीतून ओरडली, "मीच ती मावशी. घासलंया. बघा कसं लखलखतंय."

अख्खा वर्ग हसला. ते गृहस्थ हसले नाहीत. मला वाटलं, गेली नोकरी. मुलगी वर्गाचं हसू संपेपर्यंत थांबली आणि पोरांना विचारलं, "मावशीने घासल्यावर पैशावरून काय गेलं?" कुणी म्हणालं काळं, कुणी म्हणालं मळ. मग तिने गॅसवर बिघडलेला एक पैसा वर्गात हातोहात फिरवला, त्यावर लाल थराचा तुकडा शिल्लक होता. ऊन त्या थरावर काय करतं ते सांगितलं. मग चवड रचून दिवा लावला. पोरं बाकांवर चढून बघत होती. तास संपल्याची घंटा झाली तरी उतरेनात.

आठवड्याने निकाल कळला. इथली जागा कारंजेवाल्या बाईंना मिळाली. त्या कुणाच्या तरी नात्यातल्या होत्या असं लोक बोलत, खरंखोटं मला माहीत नाही. त्यांचं कारंजंही चांगलं उडालं होतं. त्या चष्मेवाल्या गृहस्थांनी मुलीला बोलावून सांगितलं, पेठ तालुक्यात आमची शाळा आहे. तिथे विज्ञानाला कुणी टिकत नाही. कायम करतो, जाता का?

ती घरी येऊन म्हणाली, "आई, तू तिथून बाहेर पडलीस आणि मी तिथे परत जाऊ?"

मी म्हटलं, "मला कुणी विचारून आणलं नव्हतं. लग्न करून आणलं. तुला विचारतायत."

"इथे वाट बघितली तर अजून कुठे तरी मिळेल."

"मिळेल. किंवा दर जूनला बसशील दाराकडे बघत."

तिने रात्रीचं जेवण टाळलं. सकाळी उठून होकार कळवला. रडली असेल तर माझ्यासमोर नाही. मीही समजूत काढली नाही. कायम ते कायम.

ती अजून तिथेच आहे. आता पोरांना ती दोन्ही प्रयोग करून दाखवते. पावसाळ्यात तिकडे चार महिने ऊन दिसत नाही, तेव्हा नुसती चवड. ऊन पडलं की बाटली शाळेच्या पायरीवर ठेवतात, आणि बाटलीवर सावली कुणी धरायची यावरून पोरांची भांडणं होतात.